दयेस मुदत असावी काय?

श्रीरामपुरापासून थोड्या अंतरावर, पाटाच्या कडेला एका वस्तीवर आमच्या मंडळीतील एक कुटुंब राहते. त्यांची जमीन थोडी आहे. लग्नसराईत वरातीस घोडी देणे हाच त्यांचा मुख्य आधार. दसऱ्याच्या सुमारास एका रात्री ती घोडी दावे तोडून शेजारच्या उसाकडे गेली व तारेच्या कुंपणात अडकली. उजव्या मागच्या पायास घोट्याच्या वर खोल जखम झाली.

पहिल्या दिवशी सारी वस्ती धावली. कोणी हळद आणली, कोणी बर्फ आणला, एका भगिनीने धुतलेले सुती लुगडे फाडून पट्ट्या करून दिल्या. पशुवैद्य आले. त्यांनी जखम धुऊन टाके घातले, धनुर्वाताची सुई टोचली व औषध दिले. घरधनी आठ रात्री ठाणाजवळ बाज टाकून निजला. महिन्याभरात जखम भरून आली व घोडी लंगडेनाशी झाली. परंतु सूज काही जाईना. रोज सकाळी पाहावे तो घोट्यापासून वरपर्यंत पाय जाड झालेला. पाटापर्यंत चालवून आणले की तो उतरे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तसाच. असे करता करता चाळीस दिवस झाले. तुळशीचे लग्न होऊन गेले, लग्नाच्या तिथी जवळ आल्या, आणि वरातींसाठी घेतलेला इसार तर घरात केव्हाच खर्च झाला होता. हळद घेऊन येणारे आता कोणी येत नव्हते. आले ते सल्ला घेऊन आले.

एकाने म्हटले, "पाय सुजलेला आहे, तर जनावर जागचे हलवू नका. चारा घाला, चंदी घाला, उभे राहू द्या." दुसऱ्याने म्हटले, "लंगडत नाही ना? मग वरातीस काढा. सूज आपोआप जिरेल." तिसऱ्याने म्हटले, "मंगळवारी येवल्याच्या घोडेबाजारात न्या. पहाटे तासभर फिरवा, म्हणजे गिऱ्हाइकापुढे पाय बारीक दिसेल. विचारले तर सांगा, न विचारले तर गप्प राहा." त्या रात्री तो घरधनी आमच्याकडे आला व त्याने विचारले, "पाळकसाहेब, मी काही बोललोच नाही, तर ते खोटे होईल का?"

मंडळीच्या पत्रात घोडीच्या पायास जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या घरधन्याच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा आहे, आणि तो आपणां सर्वांस लागू आहे. दुःख ताजे असता आपण धावतो. ते रेंगाळू लागले म्हणजे थकतो. तर मग दयेस काही मुदत असते काय? ती मुदत संपल्यावर मागे फिरलेल्या मनुष्यास निर्दय म्हणावे, की केवळ थकलेला म्हणावे?

ह्याचे उत्तर देण्यापूर्वी ती सूज काय आहे हे समजून घेतले पाहिजे. कारण तिघांचेही सल्ले अज्ञानातून निघाले होते, आणि ज्या दयेस ज्ञान नाही ती पुष्कळदा क्रूरतेइतकेच दुखवते.

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली व मागच्या पायात मोठ्या सांध्याखाली मांसल भाग जवळजवळ नसतो. तेथे हाड, दोऱ्यांसारखे बळकट स्नायुरज्जू व कातडी एवढेच असते. खाली उतरलेले रक्त व अंगातील पाणथर रस, ज्यास लसीका म्हणतात, ती एवढ्या खालून परत वर चढविण्यास तेथे पिळणारे मांस नाही. ते काम चालण्याने होते. टाप जमिनीवर पडली की खुराच्या तळाचा मऊ भाग दबतो व रक्त वर ढकलले जाते. टाप उचलली की तो पुन्हा भरतो. म्हणून ठाणावर बांधून ठेवलेल्या निरोगी घोड्याचेही पाय कधी कधी सकाळी भरलेले दिसतात, आणि चालविले म्हणजे उतरतात. ज्या पायास जखम झाली, त्यात हा रस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही तुटतात वा दबतात. कातडी महिन्यात जुळते; ह्या वाहिन्यांस पुष्कळ अधिक काळ लागतो.

आपल्या भागातील शेतकऱ्यास हे सांगणे कठीण नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व प्रवरेच्या पाटांनी आपल्या काळ्या जमिनीत ऊस उभा केला. परंतु जेथे पाणी आले आणि निचऱ्याचे चर निघाले नाहीत, तेथे चांगल्या जमिनी पाणथळ व चोपण झाल्या. अशा जमिनीस आणखी पाणी देऊन ती सुधारत नाही, आणि तिच्याकडे पाठ फिरवूनही सुधारत नाही. चर काढावा लागतो, आणि तो दरसाल उपसावा लागतो. घोडीच्या पायाचेही तसेच आहे. तिचा चर म्हणजे तिचे चालणे.

ह्यावरून पहिल्या सल्ल्याची चूक दिसून येते. विसावा म्हणजे जागचे न हलणे, असे आपण मानतो. ओझी ओढणाऱ्या घोड्यांच्या काळी युरोपातील अश्वपालांत एका दुखण्यास 'सोमवारचा पाय' असे नाव पडले होते. सहा दिवस राबणारा घोडा रविवारी ठाणावर बांधलेला राही, चंदी मात्र रोजच्याइतकीच मिळे, आणि सोमवारी सकाळी पाहावे तो मागचा पाय खांबासारखा सुजलेला. आज पशुवैद्य अशा उष्ण व दुखऱ्या सुजेचे मूळ बहुधा जंतूंच्या संसर्गात शोधतात. परंतु उभे राहण्याने ती बळावते हे निरीक्षण खोटे ठरलेले नाही.

ह्या रविवारच्या गोष्टीने आमच्या मंडळीत एक वादही उभा राहिला. विसाव्याच्या दिवशी घोडी चालविणे हे काम होय, असे एका बंधूने म्हटले. आम्ही त्यास इतकेच दाखविले की, विसाव्याच्या आज्ञेत जनावराचे नाव मुद्दाम घातलेले आहे; म्हणजे तो दिवस जनावराच्या हितासाठीही आहे. शिवाय शब्बाथाच्या दिवशी दावणीचा बैल वा गाढव सोडून पाण्यावर नेणे हे प्रभूने लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात गृहीतच धरले आहे. जो विसावा जनावराचा पाय बिघडवितो तो त्याचा विसावा नव्हे. तो धन्याचा विसावा होय.

दुसरा सल्ला त्याहून वाईट होता. चालणे हितकर, म्हणून वरातही हितकर, असे होत नाही. वरातीत घोडी चालते थोडी व उभी राहते फार. डांबरी रस्ता, ढोलताशांचा व भोंग्यांचा गोंगाट, पाठीवर नवरदेव व त्याच्यापुढे बसविलेला करवला, आणि दर दहा पावलांवर नाचणाऱ्यांसाठी थांबणे! चर वाहता ठेवणारे हे चालणे नव्हे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० ह्याच्या ११व्या कलमाप्रमाणे, रोग, जखम वा अशक्तपणा यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावरास कामास लावणे हा अपराध आहे. तथापि केवळ शिक्षेच्या भयाने जो थांबतो त्यास आम्ही फारसे समजाविले असे म्हणता येणार नाही.

मग काय करावे? ज्या वाचकांच्या घरी घोडा, तट्टू वा खेचर आहे त्यांच्यासाठी हे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम, रेंगाळणारी सूज निरुपद्रवी आहे की धोक्याची, हे रोज सकाळी हाताने पाहावे. जी सूज थंड आहे, दाबली असता दुखत नाही, अंगठ्याने दाबल्यावर क्षणभर खळगा राहतो, आणि चालविल्यावर उतरते, तिची काळजी घ्यावी पण भय बाळगू नये. परंतु पाय एकाएकी पुष्कळ सुजला, उष्ण लागला, हात लावू देईना, जनावर लंगडू लागले, पू वा पाणी झिरपू लागले, वा ताप आला, तर त्याच दिवशी पशुवैद्यास बोलावावे. तेथे चालविणे व चोळणे दोन्ही थांबवावे. निरोगी मोठ्या घोड्याचे तापमान सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. वीतभर तापमापक व दोन मिनिटे, एवढ्यानेच ते कळते.

दुसरे, पशुवैद्याने चालविण्यास मोकळीक दिल्यावर दोरीने धरून सपाट व फार कठीण नसलेल्या जमिनीवर चालवावे. आरंभी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी चौपट चालविणे हे न चालविण्यापेक्षा वाईट.

तिसरे, थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे पायावर धरल्याने आराम पडतो, विशेषतः दुखापतीच्या आरंभीच्या दिवसांत. परंतु नंतर पाय नीट पुसून कोरडा करावा. ओल्या केसांखाली कातडी चिघळते, आणि त्या चिघळण्यातून नवी सूज येते.

चौथे, पट्टी बांधावयाची तर आधी कापसाचा जाड थर द्यावा व त्यावर सर्वत्र सारख्या दाबाने पट्टी गुंडाळावी. ती सकाळ-संध्याकाळ सोडून पाय पाहावा व पुन्हा बांधावी. पट्टी एके ठिकाणी घट्ट झाली तर पायामागील स्नायुरज्जूस इजा होते. मग बांधणाऱ्याचा चांगला हेतू त्या पायास काही उपयोगी पडत नाही. दुसऱ्या मागच्या पायासही पट्टी बांधणे चांगले. कारण दुखऱ्या पायाचा भार तोच वाहत असतो.

पाचवे, काम कमी तर चंदी कमी. वैरण व पाणी मात्र कमी करू नये.

आता दोन गोष्टी करू नयेत. तापल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आपल्याकडे अद्याप कोठे कोठे आहे. इंग्लंडात घोड्यांच्या स्नायुरज्जूंच्या दुखापतींचा जो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला, त्यात डागाने बरे होण्यास काही मदत होत नाही असे दिसून आले. डाग दिल्यावर जनावर पुष्कळ दिवस कामास लावीत नसत. जो गुण विश्रांतीचा, तो लोखंडाच्या नावावर जमा होत असे. तसेच वरातीची रात्र निभावून नेण्याकरिता, पशुवैद्यास न विचारता वेदनाशामक औषध देऊ नये. वेदना मुकी झाली म्हणजे इजा नाहीशी होत नाही. आणि अशी औषधे मापाबाहेर गेली तर पोटास व मूत्रपिंडास बाधतात.

ह्या दोन्ही उपायांच्या मुळाशी एकच इच्छा आहे. हे प्रकरण एकदाचे संपावे, ही ती इच्छा. ती वाईट मनाची नव्हे. थकलेल्या मनाची आहे. म्हणून आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

पहिल्या दिवसाची दया सोपी असते, हे आम्ही कोणास हिणविण्याकरिता म्हणत नाही. रक्त पाहिले की अंतःकरण हलते. धावणाऱ्यास आपण धावलो याचे समाधानही तत्काळ मिळते. चाळिसाव्या दिवशी रक्त नसते. तेथे एक जाड पाय असतो, तो सकाळी भरतो व सायंकाळी उतरतो, आणि आजच्या कष्टाचे फळ उद्या सकाळी दिसतही नाही. अशा वेळी मनुष्यास आतून ढकलणारी कळकळ शिल्लक राहत नाही. म्हणून आमचे मत असे आहे की, कळकळीस मुदत असते, आणि ती संपल्याबद्दल कोणास दोष देऊ नये. परंतु कळकळ म्हणजेच सर्व दया नव्हे. कळकळ संपल्यावर जे दहा मिनिटांचे चालणे उरते, जी सोडून पुन्हा बांधावयाची पट्टी उरते, तीच दया होय. तिला मुदत जनावराची गरज घालते, आपला कंटाळा नव्हे.

ह्यावर त्या घरधन्याने जे उत्तर दिले ते आम्ही टाळणार नाही. तो म्हणाला, "मुलीच्या शाळेचे पैसे द्यायचे आहेत, पतपेढीचा हप्ता आहे. घोडीपायी लेकरांच्या तोंडचा घास काढू का?" ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांनी ह्या प्रश्नास झटपट उत्तर देऊ नये. घोडी व लेकरू ह्यांची किंमत एक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या लेकरांच्या तोंडी आजवर जो घास गेला तो पुष्कळसा त्या घोडीच्या चालण्याचा होता. नोकरास मजुरी मिळते व तो ती मागू शकतो. जनावराची मजुरी आपण ठरवितो व आपणच देतो. जेथे मागणारा बोलू शकत नाही, तेथे देणाऱ्याने स्वतःशी अधिक कडक हिशेब ठेवावा, हे न्यायाचे आहे. शिवाय वर सांगितलेल्या उपचारात पैसा थोडा व वेळ फार लागतो. उणीव खरी होती ती बुडणाऱ्या इसाराची. ती एकट्या घरधन्याची का असावी? ज्या वस्तीने पहिल्या दिवशी हळद दिली, तिने चाळिसाव्या दिवशी ह्या घराचा भार काही अंशी उचलावा. आमच्या मंडळीत आजाऱ्याच्या घरी पहिल्या आठवड्यात माणसे मावत नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्या पत्नीस दळण आणून देणारा कोणी सापडत नाही. हा दोष आम्ही आमच्यापासूनच सांगतो. आम्हीही पहिल्या आठवड्यातच अधिक वेळा गेलो आहो.

राहिला येवल्याच्या बाजाराचा प्रश्न. घोडी विकणे हे पाप नाही. ज्यास जनावर पोसवत नाही त्याने ते पोसू शकणाऱ्यास द्यावे, हे उचितच आहे. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात काय, वा दत्तजयंतीस भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत काय, गिऱ्हाईक दात पाहते, भोवरे पाहते, चाल पाहते. पाय सकाळी कसा असतो हे मात्र त्यास दिसू शकत नाही. जो विक्रेता पहाटे मुद्दाम तासभर घोडी फिरवितो तो गप्प राहिलेला नाही. त्याने पायाकडून खोटे बोलविले आहे. कोणते मौन खोटे, हे ओळखण्याची कसोटी आम्ही त्यास अशी सांगितली: गिऱ्हाइकाने हा पाय पहाटे ठाणावर पाहिला असता तर त्याने हीच किंमत दिली असती काय? नसती, तर मधला फरक हा तुमच्या मौनाचा भाव आहे.

परंतु त्यापेक्षाही एक मोठी गोष्ट आहे. ह्या घोडीस रोज चालवावे लागते, चंदी बेताने द्यावी लागते, पाय उष्ण लागला तर थांबावे लागते, हे चाळीस दिवसांत त्या घरधन्याने शिकलेले ज्ञान आहे. ते ज्ञान आता घोडीच्या जगण्याचा भाग झाले आहे. ते न देता घोडी विकली, तर नवा धनी तिला चांगल्या मनाने ठाणावर उभी ठेवील, भरपूर चंदी घालील, आणि एके सकाळी तिचा पाय खांबासारखा होईल. त्या मौनाने गिऱ्हाइकाचे पैसे जातील. पण घोडीचा पाय जाईल. आणि घोडी त्या सौद्यात बोलणारी नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, नाही तर ह्या लेखाने खोटी आशा दिली असे होईल. काही पाय पूर्वीसारखे कधीच होत नाहीत. सर्व उपचार नीट केले तरी घोट्याजवळ थोडी जाडी कायमची राहते. ती थंड असेल, दुखत नसेल, घोडा सरळ चालत असेल, तर जाणते लोक तीस डाग समजतात, व्यंग समजत नाहीत. बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, अशी ज्याची समजूत आहे तो अशा पायापुढे निराश होऊन उपचार सोडतो, आणि मग उरलेलेही बिघडते. जितके बरे झाले तितके राखणे, हेही बरे करणेच आहे.

त्या घरधन्याने घोडी विकली नाही. त्याने इसार दिलेल्यांकडे जाऊन पाय जसा होता तसा सांगितला. दोघांनी पैसे परत मागितले, व ते मंडळीतील चार घरांनी मिळून उसने दिले. एकाने तिथी येईपर्यंत थांबण्याचे कबूल केले. त्याच्या वरातीस शेवटी दुसऱ्या गावचा घोडा आणावा लागला, व त्याने ते नाराजीने का होईना पण सोसले. नुकसान झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुलीच्या शाळेचे पैसे उशिरा गेले.

पायाविषयी विचाराल तर सूज पुष्कळ उतरली आहे, पण थंडीच्या सकाळी अजून भरते. गेल्या रविवारी उपासनेनंतर ज्या बंधूने वाद घातला होता तोच दोरी धरून घोडीस पाटापर्यंत नेत होता, कारण घरधन्यास ताप आला होता. आम्हांस पाहून तो थोडा ओशाळला व म्हणाला, "दहा मिनिटांचेच काम आहे." आम्ही म्हटले, "होय, पण उद्याही आहे."